नाशिक लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास

नाशिक हा महाराष्ट्रातील लोकसभेचा 21 क्रमांकाचा मतदारसंघ असून जागा सर्वसाधारण आहे. सिन्नर (120), नाशिक पूर्व (123), नाशिक मध्य (124), नाशिक पश्चिम (125), देवळाली (126, अनुसूचित जातींसाठी राखीव) आणि इगतपुरी (127, अनुसूचित जमातींसाठी राखीव) हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. त्र्यंबकेश्वर इगतपुरीत मोडते. ही रचना 2008 च्या पुनर्रचनेची आहे आणि तिच्यावर पहिली लोकसभा निवडणूक 2009 मध्ये झाली. त्याच वेळी शेजारचा दिंडोरी हा राखीव मतदारसंघ जन्माला आला. निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण आणि दिंडोरी हे तालुके त्याच्याकडे गेले. म्हणून निफाड तालुक्यातल्या लासलगावच्या कांद्याचा राग मतपेटीत उतरला तर तो दिंडोरीच्या निकालात शोधावा लागतो. बाहेरून लिहिणारे तो हमखास नाशिकच्या खात्यावर टाकतात. 2009 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका तक्त्यात मांडताना मध्ये रेघ मारली पाहिजे. नाव एकच असले तरी भूगोल तोच राहिलेला नाही.

1952 मध्ये काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे निवडून आले. 1957 ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत झाली आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड विजयी झाले. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाशिकमधील मुख्य सहकारी होते. ज्या शहरात मंदिराच्या दारात अडवले गेले, त्याच शहराच्या नावाच्या मतदारसंघातून 27 वर्षांनी ते लोकसभेत गेले. या मतदारसंघाच्या इतिहासात याहून मोठा निकाल नाही.

1962 मध्ये जागा पुन्हा देशपांडे यांच्याकडे आली. ती रिक्त झाल्यावर 1963 मध्ये पोटनिवडणूक लागली आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. बिनविरोध म्हणजे अर्ज मागे घेण्याची मुदत संपली तेव्हा रिंगणात एकच नाव उरले. मतदान झालेच नाही. काही तक्त्यांत या ओळीत मतांच्या रकान्यात शून्य किंवा 100 टक्के लिहिलेले असते. दोन्ही चूक. तिथे ‘बिनविरोध’ एवढाच शब्द हवा, नाहीतर सरासरी काढताना सगळे गणित बिघडते.

1967 आणि 1971 या दोन्ही वेळी काँग्रेसचे भानुदास कवडे जिंकले. 1977 मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे आले, 1980 मध्ये काँग्रेस (आय) चे डॉ. प्रताप वाघ, 1984 मध्ये मुरलीधर माने. 1989 मध्ये डॉ. दौलतराव आहेर यांनी ही जागा भाजपला मिळवून दिली; त्यानंतर आजवर भाजपच्या चिन्हावर येथून कोणी निवडून आलेले नाही. पुढे 1991 मध्ये डॉ. वसंतराव पवार (काँग्रेस), 1996 मध्ये राजाराम गोडसे (शिवसेना), 1998 मध्ये माधवराव पाटील (काँग्रेस), 1999 मध्ये उत्तमराव ढिकले (शिवसेना) आणि 2004 मध्ये देविदास पिंगळे (राष्ट्रवादी). 1977 पासून 2014 पर्यंत प्रत्येक निवडणुकीत खासदार बदलला. नाशिक कोणाला दुसऱ्यांदा पाठवत नाही, हा समज इथूनच रुजला, आणि तो बराच काळ खरा होता.

2009 ची लढत तिरंगी होती. राष्ट्रवादीचे समीर भुजबळ यांना 2,38,706, मनसेचे हेमंत गोडसे यांना 2,16,674 आणि शिवसेनेचे दत्ता गायकवाड यांना 1,58,251 मते मिळाली. विजय 22,032 मतांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवाराची बेरीज 3,74,925 होते. म्हणजे मतफुटीचा अर्थ शब्दशः कळावा असा हा निकाल आहे. मनसेची ती मते वाऱ्यावरची नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नाशिक पूर्व, मध्य आणि पश्चिम या तिन्ही जागा मनसेने जिंकल्या. पूर्वमधून जिंकलेले ढिकले 1999 मध्ये शिवसेनेचे खासदार होते.

2014 मध्ये गोडसे शिवसेनेकडून उभे राहिले आणि त्यांनी 4,94,735 मते घेऊन छगन भुजबळ यांचा (3,07,399) 1,87,336 मतांनी पराभव केला. भुजबळांचा विधानसभा मतदारसंघ येवला होता आणि येवला दिंडोरीत येते. हक्काचा तालुका हाताशी नसताना त्यांना लढावे लागले. 2019 मध्ये गोडसे 5,63,599 मते घेऊन पुन्हा जिंकले आणि दुसऱ्या वेळेचा समज मोडला. त्या वेळी समीर भुजबळ (2,71,395), अपक्ष माणिकराव कोकाटे (1,34,527) आणि वंचित बहुजन आघाडीचे पवन पवार (1,09,981) या तिघांची बेरीज 5,15,903 होती. तीही गोडसे यांच्यापेक्षा 47,696 ने कमी. म्हणून समीर भुजबळ यांच्या 2019 च्या पराभवाला मतफुटीचे कारण देता येत नाही. 2009 मधल्या गोडसे यांच्या पराभवाला देता येते.

2024 मध्ये महायुतीची उमेदवारी शेवटपर्यंत अडकून राहिली. छगन भुजबळ यांनी एप्रिलमध्ये माघार जाहीर केली, गोडसे यांचे नाव 1 मे रोजी आले आणि अर्जाची मुदत 3 मे रोजी संपत होती. मतदान 20 मे रोजी झाले. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे राजाभाऊ वाजे यांना 6,16,729 आणि गोडसे यांना 4,54,728 मते पडली; फरक 1,62,001. वाजे सिन्नरचे माजी आमदार. एकट्या सिन्नरने त्यांना सव्वा लाखाहून जास्त आघाडी दिली, म्हणजे एकूण मताधिक्याचा मोठा वाटा एकाच तालुक्यातून आला. सिन्नरची ही एकगठ्ठा सवय 2019 मध्ये सिन्नरच्याच कोकाटे यांच्या मतांतही दिसते. शिंदे यांच्या शिवसेनेचे धनुष्यबाण गोडसे यांच्याकडे, ठाकरे यांच्या पक्षाची मशाल वाजे यांच्याकडे. त्यामुळे ‘शिवसेनेची जागा टिकली की गेली’ हा प्रश्न पक्षाचे पूर्ण नाव लिहिल्याशिवाय सुटत नाही.

त्या वेळी रिंगणात 31 उमेदवार होते. मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर 16 बटणे असतात. 31 नावे आणि ‘नोटा’ मिळून 32 होतात, म्हणजे दोन युनिटे काठोकाठ भरली. आणखी एक अर्ज राहिला असता तर प्रत्येक केंद्रावर तिसरे युनिट जोडावे लागले असते.

मतमोजणी अंबडच्या केंद्रीय वखार महामंडळाच्या गोदामात झाली. प्रत्येक विधानसभा मतदारसंघासाठी साधारण 14 टेबले लावतात आणि एका फेरीत 14 केंद्रांची मोजणी होते. 320 केंद्रे असतील तर 23 फेऱ्या, शेवटची फेरी अपुरी. सहाही विधानसभांच्या फेऱ्या एकदम संपत नाहीत. सिन्नरची यंत्रे उघडली की आकडा उसळतो, शहरातली पेठ आली की खाली येतो. पाचव्या फेरीच्या आघाडीवरून गुलाल उधळणारे म्हणूनच कधीकधी फसतात. शेवटी प्रत्येक विधानसभेतील पाच केंद्रांच्या, म्हणजे एकूण 30 केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहतात.

केंद्रनिहाय अभ्यास करायचा तर नमुना 20, म्हणजे केंद्रनिहाय मतांचा अधिकृत तक्ता, हाच कागद घ्यावा. सहा विधानसभांची बेरीज अंतिम आकड्याशी जुळत नाही, कारण टपाली मते वेगळ्या ओळीत असतात. देवळालीच्या लष्करी छावणीत राहणाऱ्या परगावच्या जवानाची नोंद गावाकडे सेवा मतदार म्हणून असेल तर त्याचे मत त्याच्या गावच्या मतदारसंघात मोजले जाते, नाशिकमध्ये नाही. दोन निवडणुकांची तुलना केंद्र क्रमांकावरून करू नये. मतदार वाढले की केंद्रे फुटतात आणि क्रमांक पुढे सरकतात. शाळेचे नाव आणि यादीतला भाग पाहूनच जोडी लावावी. सिडको आणि सातपूरच्या कामगार वस्त्यांत भाडेकरू घरे बदलतात आणि जुनी नावे यादीत राहून जातात, त्यामुळे तिथली मतदानाची टक्केवारी आहे त्यापेक्षा कमी दिसते.