काँग्रेस रेडिओ

काँग्रेस रेडिओ : ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात मुंबईतून चाललेले गुप्त नभोवाणी केंद्र (२७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२). आयुष्य जेमतेम अडीच महिन्यांचे. पण माध्यमावरचा विश्वास राष्ट्रभावनेला कसा आकार देतो, हे समजून घ्यायला याच्याइतके बोलके भारतीय उदाहरण क्वचितच सापडेल.

९ ऑगस्टच्या पहाटे काँग्रेसचे प्रमुख नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले आणि ऑल इंडिया रेडिओ तर सरकारच्याच हातात होता. अशा वेळी उषा मेहता या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीने बाबुभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आदी सहकाऱ्यांसह हे केंद्र उभे केले. ध्वनिवर्धक यंत्रणा पुरवणाऱ्या शिकागो रेडिओ या मुंबईतील कंपनीचे नानक मोटवाने यांची यंत्रसामग्रीसाठी मदत झाली, राममनोहर लोहिया यांची साथ होती. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा सतत बदलत.

‘भारतात कुठून तरी’ बोलत आहोत, एवढीच ओळख केंद्र देई. ज्याचा पत्ता माहीत नाही अशा आवाजावर लोकांनी विश्वास का ठेवावा? कारण अधिकृत आवाज जे दडवत होता, ते हा सांगत होता. चितगाववरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या चिमूरचे आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचे अत्याचार या बातम्या इथे एकापाठोपाठ एक येत. चिमूरचे दुःख आणि जमशेदपूरचा संप एकाच लढ्याचे भाग आहेत, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नसे. प्रसारण इंग्रजी आणि हिंदुस्थानीतून होई. रेडिओ संच तेव्हा मोजक्याच घरांत होते. त्यामुळे या केंद्राचा प्रभाव श्रोत्यांच्या संख्येवरून मोजू नये, ऐकलेली बातमी पुढे तोंडोतोंडी जाई.

विश्वासावर उभे राहिलेले केंद्र पडले तेही विश्वासघातानेच. पकडलेल्या एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखवले आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. खटल्यात खाकर यांना ५ आणि उषा मेहता यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. मोटवाने निर्दोष सुटले. मेहता १९४६ मध्ये येरवड्यातून सुटल्या. पुढे त्यांनी मुंबईत राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

पोलीस ही प्रसारणे रोज ऐकून उतरवून घेत. आज त्यांतला बराचसा मजकूर अभ्यासकांना मिळतो, तो याच सरकारी नोंदींमुळे.