रिअल-टाइम नियंत्रण प्रणालींची रचना-साधने

रिअल-टाइम नियंत्रण प्रणालीत उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावे लागते. कात्रज घाटात ओल्या रस्त्यावर दुचाकीचा ब्रेक दाबला, की एबीएसचे (चाक जाम होऊन घसरू न देणाऱ्या ब्रेक-प्रणालीचे) सॉफ्टवेअर चाकाचा वेग बघून दाब सोडायचा की धरायचा ते ठरवते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी १० मिलिसेकंदांत सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकते. उत्तराला झालेला उशीर रस्त्यावर असा मोजला जातो. ही वेळमर्यादा पाळली जाईल की नाही, हे गाडी रस्त्यावर येण्याआधी तपासणारी साधने या नोंदीचा विषय आहेत.

सिम्युलिंक या सॉफ्टवेअरमध्ये नियंत्रणाचे मॉडेल चौकटी आणि रेषांनी मांडतात; त्यातून सी भाषेतला कोड आपोआप तयार करता येतो. फ्रान्समध्ये ग्रनोबलला १९८० च्या दशकात घडलेली लस्टर ही प्रोग्रामिंग भाषा आणि तिच्यावर उभे राहिलेले स्केड हे साधन अधिक काटेकोर आहे. तिथे प्रोग्रामचे प्रत्येक पाऊल शून्य वेळात पुरे होते असे धरून चालतात. ऐकायला हे विचित्र वाटते, पण त्यामुळे प्रोग्रामच्या वर्तनात संदिग्धता उरत नाही. मात्र ते गृहीतक टिकायचे तर खऱ्या प्रोसेसरवर ते पाऊल जास्तीत जास्त किती वेळ घेईल हे कळायला हवे. एआयटीसारखे साधन प्रोसेसरमधली कॅशे (जवळची जलद स्मृती) आणि पाइपलाइन (सूचना टप्प्याटप्प्याने, एकावर एक पुरी करण्याची पद्धत) यांचा हिशेब करून ही कमाल मर्यादा काढते. नुसत्या चाचणीत मोजलेल्या वेळेवर विसंबणे धोक्याचे, कारण सर्वांत वाईट प्रसंग चाचणीत आलेलाच नसू शकतो.

अनेक टास्क (ठरावीक काळाने पुन्हापुन्हा करायची कामे) एकाच प्रोसेसरवर चालत असतील तर लिऊ आणि लेलँड या संशोधकांचे १९७३ चे गणित लागते. ज्याची पाळी वारंवार येते त्याला अग्रक्रम दिला आणि टास्क एकमेकांवर अवलंबून नसले, तर प्रोसेसरवरचा एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असताना एकही डेडलाइन (वेळमर्यादा) चुकत नाही. टास्क एकमेकांसाठी अडून राहिले की हा हिशेब कोलमडतो. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक यामुळेच पुन्हापुन्हा रीसेट होत होता. असे अडकणे आधीच शोधायला युप्पालसारखी मॉडेल तपासणारी साधने आहेत.

पुण्यात या विद्येला मोठे गिऱ्हाईक म्हणजे वाहनउद्योग. १२५ सीसीवरील दुचाकींच्या नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून एबीएस सक्तीचे झाले. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या करते. टेकडीलाही लोक या संस्थेच्याच नावाने ओळखतात. १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात कोड न चालवता त्यातले दोष शोधण्यावर काम झाले. तिथले व्हेरिअ‍ॅब्ज हे साधन आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर-पडताळणी स्पर्धेच्या एका विभागात २०२० साली पहिले आले.

वाहनांसाठीचे आयएसओ २६२६२ हे मानक (२०११) आणखी एक प्रश्न विचारते: साधनच चुकले, तर ती चूक पुढे कुणाच्या नजरेस पडेल? या उत्तरावरून त्या साधनाची वेगळी परीक्षा घ्यायची की नाही, ते ठरते.