किण्वित सोयापेंड (मत्स्यखाद्य)

सोयाबीनमधील तेल काढून उरलेल्या पेंडीवर (व्यापारी बोलीत ‘डीओसी’, म्हणजे डी-ऑइल्ड केक) बुरशी, जीवाणू किंवा यीस्ट वाढवून तयार केलेले आणि संवर्धित माशांच्या खाद्यात फिशमीलच्या (वाळवून दळलेल्या मासळीच्या) जागी अंशतः वापरले जाणारे प्रथिनद्रव्य. फिशमीलचा जागतिक पुरवठा मोठ्या प्रमाणावर पेरूच्या किनाऱ्यालगतच्या अँकोव्हेटा माशावर अवलंबून आहे. १९७२-७३ च्या एल निनो काळात ती मासेमारी कोसळल्यावर पर्यायांच्या शोधाला गती आली, असे सामान्यतः मानले जाते. किण्वित पेंडीकडे लक्ष गेले ते त्यानंतर बऱ्याच काळाने. तंत्र मात्र कोजी (बुरशी वाढवलेले धान्य), टेंपे व नाट्टो (आंबवलेले सोयाबीन) या पूर्व व आग्नेय आशियाई खाद्यपरंपरांतील जुनेच आहे.

साध्या पेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात. तिच्यातील ट्रिप्सिनरोधक (प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन विकराला अडवणारी द्रव्ये) उष्णतेने बहुतांशी निष्प्रभ होतात. फॉस्फरस बांधून ठेवणारे फायटिक आम्ल, सॅपोनिने (फेस आणणारी वनस्पतिद्रव्ये) आणि रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा मात्र भाजूनही टिकतात. अशा पेंडीमुळे सॅल्मन माशाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात दाह होऊन तेथील घड्या आखूड होतात. याचे कारण म्हणून लेक्टिने व प्रतिजनी प्रथिने यांचाही विचार झाला. पण पुराव्यांचा कल सॅपोनिनांकडे अधिक दिसतो. नॉर्वेतील सॅल्मनखाद्यात अल्कोहोलने धुतलेले सोयाप्रथिन रूढ झाले, त्यामागे हेही एक कारण असावे.

किण्वनासाठी पेंड ओलावून वाफवतात, थंड झाल्यावर तिला विरजण लावतात आणि पातळ थरात पसरून एक ते तीन दिवस ठेवतात. ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वापरल्यास पांढऱ्या तंतूंनी पेंडीची ढेकळे बांधली जातात. ती वेळोवेळी फोडली नाहीत, तर थर आतून तापतो. बॅसिलस सबटिलिस या जीवाणूच्या पेंडीला अमोनियाचा वास येतो, तर लॅक्टिक आम्ल जीवाणूंची पेंड आंबूस लागते. ॲस्परजिलस फ्लेवस या जवळच्या बुरशीचा शिरकाव झाल्यास अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा धोका संभवतो.

किण्वनाने प्रथिने वाढतात, हे विधान जपून घ्यावयास हवे. १०० किग्रॅ. कोरड्या पेंडीत ४८ किग्रॅ. प्रथिने असतील आणि किण्वनात १० किग्रॅ. कर्बोदके कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन गेली, तर उरलेल्या ९० किग्रॅ.मध्ये तीच ४८ किग्रॅ. प्रथिने सुमारे ५३ टक्के भरतात. शिवाय प्रथिनांचे मापन नायट्रोजनला ६.२५ ने गुणून होत असल्याने बुरशीच्या पेशीभित्तीतील कायटिन व न्यूक्लिइक आम्ले यांतील नायट्रोजनही त्या आकड्यात मिसळतो. म्हणून ही वाढ मुख्यतः एकवटण्याची मानणे अधिक सयुक्तिक आहे. खरा लाभ प्रथिनांचे लहान पेप्टाइडांत विघटन होण्यात आणि फायटेज विकरामुळे फॉस्फरस मोकळा होण्यात आहे. मेथिओनिन या अमिनो आम्लाची उणीव व टॉरिनाचा अभाव किण्वनाने भरून निघतोच असे नाही. पेंड फार तापवून वाळवल्यास उपलब्ध लायसिन हे अमिनो आम्लही घटते.

मांसाहारी जातींत फिशमील पूर्णपणे वगळणे सहसा साधत नाही. भारतात रोहू, कटला, मृगल यांच्या तळ्यांत शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा पूर्वापार चालत आल्याने हा प्रश्न तेथे फारसा उद्भवत नाही. तो जिताडा व कोळंबी यांच्या संवर्धनात उद्भवतो.