गॅलेन-शिरेची विकृती

गॅलेन-शिरेची विकृती : अर्भकाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचा एक दुर्मिळ जन्मजात दोष. एरवी धमनीतले रक्त केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून जाते, तिथे त्याचा जोर ओसरतो आणि मग ते शिरेत उतरते. या दोषात मधले जाळेच नसते. धमन्या थेट शिरेत उघडतात आणि ती फुग्यासारखी फुगते.

मेंदूच्या मध्यातील मोठी शीर दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावाने ओळखली जाते, त्यावरून हे नाव पडले. पण फुगते ती तिची गर्भातली पूर्वज शीर, हे १९८९ मध्ये दाखवले गेले. ही शीर एरवी विरून जाते. गर्भाच्या सहाव्या ते अकराव्या आठवड्यांच्या सुमारास थेट जोड पडला, तर ती टिकून राहते. काही मुलांत ईपीएचबी४ किंवा आरएएसए१ या जनुकांत बदल आढळतात. ग्रहण पाळले नाही, जड उचलले, असा ठपका आपल्याकडे आईवर येतो. त्याला काहीही आधार नाही.

पोटात असताना बाळ बहुधा तग धरून असते. वारेतूनही रक्त सहज वाहते, त्यामुळे ते दोन वाटांना विभागले जाते. जन्मानंतर नाळ कापली की वारेची वाट बंद होते, मेंदूतल्या जोडाकडचा ओघ वाढतो आणि तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलताना हृदय थकते. म्हणून मेंदूच्या या दोषाचे पहिले लक्षण अनेकदा धाप लागणे, दूध न ओढणे हे असते. टाळूवर स्टेथोस्कोप ठेवला तर रक्ताचा सूं-सूं आवाज येऊ शकतो. थोड्या मोठ्या बाळात डोके भराभर वाढते, कपाळावरच्या शिरा ठळक दिसतात. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दोष सहसा सापडत नाही. शेवटच्या तिमाहीत डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, दिसतो.

उघड्या शस्त्रक्रियेत फार बाळे दगावत. आज जांघेतील धमनीतून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) मेंदूपर्यंत नेऊन वैद्यकीय गोंदाने जोड बुजवतात, तेही टप्प्याटप्प्याने. कधी करायचे, हा खरा कठीण प्रश्न. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पिएर लाझोनिआस यांनी त्यासाठी २१ गुणांची मोजणी बसवली : हृदय, मेंदू, श्वसन, यकृत आणि मूत्रपिंड पाहायचे. १२ पेक्षा जास्त गुण असतील तर औषधांवर सुमारे पाच महिन्यांपर्यंत थांबायचे, ८ ते १२ असतील तर तातडीने उपचार. ८ च्या खाली मेंदूची हानी बहुधा इतकी झालेली असते की उपचार न करण्याचा सल्ला दिला जाई. त्यांच्या २००६ च्या अहवालात कॅथेटरने उपचार झालेल्या २१६ मुलांपैकी २३ दगावली. वाचलेल्यांपैकी ७४ टक्के मुलांची मज्जासंस्था सर्वसाधारण होती.

मार्च २०२३ मध्ये बॉस्टनमध्ये डॅरेन ऑरबाख आणि सहकाऱ्यांनी नाळ कापण्याआधीच हा ओघ अडवला. गर्भ ३४ आठवड्यांचा होता. सोनोग्राफीच्या आधारे आईच्या पोटातून सुई बाळाच्या मेंदूतल्या शिरेपर्यंत नेऊन त्यांनी धातूच्या बारीक कॉइल (तारेची वेटोळी) बसवल्या. दोन दिवसांनी बाळ जन्मले, आणि त्याच्या हृदयाला औषधांचा आधार लागला नाही.