विश्वासावर निघालेली जोडपी: एका जुन्या ख्रिस्ती वाटेची पार्श्वभूमी

नवरा-बायको नोकरी सोडतात, घरातले सामान वाटून टाकतात आणि जेमतेम तिकिटापुरते पैसे घेऊन सुवार्तेसाठी, म्हणजे येशूचा संदेश सांगायला, बाहेर पडतात. पुढचा मुक्काम कुणाकडे, परतीचे भाडे कुठून येणार, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: प्रभू पुरवील. अशी जोडपी जगभरच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती उपासक समुदायांमध्ये, आहेत. काही लोक त्यांच्याकडे संत म्हणून बघतात, काहींना ती बेजबाबदार वाटतात. मला दोन्ही मते घाईची वाटतात. ही वाट फार जुनी आहे आणि तिचे स्वतःचे कडक नियम आहेत. रिकामा खिसा लोकांच्या डोळ्यांत भरतो, पण ही परंपरा टिकली ती उसने न घेण्याच्या निश्चयावर, चोख हिशेबावर आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मनापासूनच्या होकारावर.

सुरुवात अर्थातच शुभवर्तमानांत आहे. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवले तेव्हा भाकरी, झोळी, कमरेला पैसे, काहीच नेऊ नका असे सांगितले. पण त्याच आज्ञेत यजमानाचाही विचार आहे. ज्या घरी उतराल तिथेच राहा, पुढे येईल ते खा, चांगल्या पाहुणचारासाठी घरे बदलत फिरू नका, असे लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. आणि बाविसाव्या अध्यायात, अटकेच्या रात्री, तोच येशू म्हणतो की आता ज्याच्याकडे पिशवी आहे त्याने ती घ्यावी. म्हणजे झोळी न घेणे हा सर्व काळासाठीचा कायदा नव्हता. विश्वासावर निघणाऱ्यांनी हे दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचायला हवेत. बहुतेकदा पहिलाच वाचला जातो.

नव्या करारातले प्रवासी जोडपे म्हणजे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून घालवले, तेव्हा, म्हणजे इ.स. ४९च्या सुमारास, हे दोघे करिंथला आले. तंबू शिवणे हा त्यांचा धंदा, प्रेषित पौलाचाही तोच. पौल त्यांच्याकडे राहिला, त्यांच्याबरोबर काम करू लागला आणि पुढे ते तिघे इफिसला गेले. त्यांच्या घरी मंडळी जमत असे. त्यांची नावे कधीही एकेकटी येत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी प्रिस्किल्लाचे नाव आधी आहे. दोघेही विश्वासाने निघालेली माणसे होती, पण दाभण आणि सुई त्यांच्या सामानात होती. पौलाने करिंथकरांना लिहिताना असेही सांगितले आहे की इतर प्रेषित आणि केफा, म्हणजे पेत्र, आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरत. पेत्राच्या पत्नीने किती मैल तुडवले असतील याची कुठेच नोंद नाही. या इतिहासात बायकांच्या वाट्याला असे मौन पुढेही बरेच येते.

फिरत्या सेवकांचा गैरफायदा घेणारे लवकरच निपजले असावेत. ‘डिडाखे’ या अगदी आरंभीच्या मंडळीच्या नियमपुस्तकात त्यांच्यावर थेट उपाय आहे. आलेला प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंतची भाकरी घ्यावी. पैसे मागितले तरीही तो खोटा. किती व्यवहारी आणि किती शहाणा नियम! पाहुण्याला दार उघडायचे, पण घर त्याच्या ताब्यात द्यायचे नाही.

नंतरची शेकडो वर्षे ही वाट प्रामुख्याने संन्याशांची झाली. तेराव्या शतकातल्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संन्यासी बंधूंना पैशाला हातही लावायची मनाई होती, पण ते अविवाहित होते. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, लग्न करू लागले आणि जोडप्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

आज आपण ज्याला विश्वासावरची सेवा म्हणतो तिचे आधुनिक रूप एका दंतवैद्याच्या घरात घडले. इंग्लंडमधल्या एक्सेटरचे अँथनी नॉरिस ग्रोव्हज यांचा धंदा उत्तम चालला होता. त्यांनी आणि पत्नी मेरी यांनी आधी उत्पन्नाचा दशांश द्यायला सुरुवात केली, मग चौथा हिस्सा, मग गरजेपुरते ठेवून बाकी सगळे. मेरी सुरुवातीला राजी नव्हत्या, आणि ग्रोव्हज त्यांचे मन वळेपर्यंत थांबले. १८२५मध्ये त्यांनी छोटी पुस्तिका काढून हा विचार मांडला आणि १८२९मध्ये कुठल्याही संस्थेच्या पगाराशिवाय मुलांसह कुटुंब बगदादला निघाले. १८३१च्या मे महिन्यात प्लेगने मेरी गेल्या आणि त्यांच्यामागून काही महिन्यांत तान्ही मुलगीही. विश्वासाच्या साक्षी सांगताना वेळेवर आलेल्या पैशांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. मेरी ग्रोव्हज यांची कबर त्याच इतिहासात आहे आणि तिला वगळून तो सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. ग्रोव्हज पुढे भारतात आले आणि त्यांच्या सांगण्यावरून आलेली दोन तरुण जोडपी गोदावरीच्या मुखाजवळ कामाला लागली.

ग्रोव्हज यांच्या बहिणीचे नावही मेरी. तिने ऑक्टोबर १८३०मध्ये जॉर्ज म्युलर या प्रशियातून आलेल्या तरुण पाळकाशी लग्न केले. त्यांच्या प्रार्थनागृहात बसायच्या जागांचे भाडे घेतले जाई आणि त्यातून पाळकाचा पगार निघे. श्रीमंताला चांगली जागा, गरिबाला मागची. म्युलरना हे खटकले. लग्नाला महिनाही झाला नसेल तोच दोघांनी ठरलेला पगार सोडला आणि दाराशी पेटी ठेवली. ही पेटी उघडायचे काम एका बांधवाकडे होते आणि तो विसराळू होता. कधी आठवड्याने उघडी, कधी पाच आठवड्यांनी. घरात पैसे संपत आले तरी पेटी उघडा असे त्याला सांगायचे नाही, हा पती-पत्नींचा नेम होता. गरज देवाला सांगायची, माणसाला नाही. ब्रिस्टलची पुढची प्रचंड अनाथालये या पेटीच्या अनुभवातूनच निघाली. मेरी १८७०मध्ये वारल्या. म्युलरनी सुझॅना सँगर यांच्याशी लग्न केले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर, १८७५मध्ये, दोघे उपदेशाच्या दौऱ्यांवर निघाले. सतरा वर्षांत त्यांनी सुमारे २ लाख मैल प्रवास केला. त्यात भारतही होता. या दौऱ्यांची हकिकत सुझॅना यांनी स्वतः लिहिली. निदान एका बायकोच्या हाती लेखणी आली!

म्युलर यांच्यापासून स्फूर्ती घेऊन चीनमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी हडसन टेलर यांनी २५ जून १८६५ रोजी ब्रायटनच्या समुद्रकिनारी चायना इनलँड मिशनचा निश्चय केला आणि १० पौंडांवर बँकेत खाते उघडले. त्यांना चीनला पाठवणारी आधीची संस्था कर्ज काढून पैसे पाठवी म्हणून त्यांनी ती १८५७मध्येच सोडली होती. नव्या मिशनमध्ये पगाराची हमी नव्हती, वर्गणी मागायची नव्हती आणि कर्ज तर मुळीच नव्हते. जे येईल ते वाटून घ्यायचे. कमी आले तर सगळ्यांना कमी. या मिशनमध्ये पत्नीही स्वतंत्र मिशनरी मानली जाई, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. टेलर यांच्या पत्नी मारिया यांनी हे पद पुरेपूर भोगले. १८६८मध्ये यांगचौला जमावाने घर पेटवले तेव्हा गरोदर असताना त्यांना वरच्या मजल्यावरून उडी टाकावी लागली. दोन वर्षांनी, वयाच्या ३३व्या वर्षी, त्या वारल्या.

होकाराची सर्वांत सुरेख गोष्ट मात्र सी. टी. स्टड यांच्या लग्नातली. इंग्लंडचा हा नामवंत क्रिकेटपटू १८८५मध्ये चीनला गेला. वडिलांकडून आलेल्या संपत्तीचा बहुतेक भाग त्यांनी दान केला आणि उरलेले ३,४०० पौंड १८८८मध्ये होणाऱ्या पत्नीला, प्रिसिला स्टुअर्ट यांना, लग्नाची भेट म्हणून दिले. प्रिसिला यांनी येशूने एका तरुण श्रीमंताला सगळे विकून गरिबांना दे असे सांगितले होते याची आठवण करून दिली आणि तेही दान करायला लावले. पुढे स्टड आफ्रिकेत गेले आणि आजारी प्रिसिला इंग्लंडमध्ये राहिल्या. शेवटच्या वर्षांत दोघांची भेट जवळपास झालीच नाही.

रीस आणि एलिझाबेथ हॉवेल्स या वेल्समधल्या जोडप्याची १९१५ची आठवण त्यांच्या चरित्रात आहे. आफ्रिकेला निघताना लंडनच्या तिकिटाला पैसे पुरेनात, म्हणून आहेत त्यात ते लानेलीपर्यंत आले. पैसे खिशात असते तर काय केले असते, असे रीस यांनी स्वतःला विचारले आणि सरळ तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. रांग सरकत गेली. पुढे दोनच माणसे उरली तेव्हा निरोप द्यायला आलेला एक दुकानदार, मला दुकान उघडायचे आहे म्हणत, त्यांच्या हातावर ३० शिलिंग ठेवून गेला. ही गोष्ट मला मनापासून भावते. पण याच प्रवासासाठी दोघांनी आपला लहानगा मुलगा नातलगांकडे ठेवला होता, आणि तोही या तिकिटाच्या किमतीत धरला पाहिजे.

मराठी मुलखातही ही वाट पोहोचली. पंडिता रमाबाईंनी म्युलर आणि टेलर यांची चरित्रे वाचली आणि इतर देशांत देवावर असा भरवसा ठेवता येतो तर भारतात का नाही, असा प्रश्न स्वतःला विचारला. त्यांना हे जगणे अनोळखी नव्हते. त्यांचे आईवडील पुराणे सांगत देशभर फिरत, आणि लोक आपणहून देतील त्यावर कुटुंब चाले. नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनचे वेतनाचे काम सोडले. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि संसार लक्ष्मीबाईंना ओढावा लागे, हे त्यांच्याच आठवणींमुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षे दोन माणसांना एका वाटेवर यायला किती वेळ लागतो ते दाखवतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. विमानप्रवास आला, अनेक देश प्रवेशाआधी खात्यातली शिल्लक आणि परतीचे तिकीट पाहू लागले. १९६०मध्ये सुरू झालेल्या ‘यूथ विथ अ मिशन’सारख्या चळवळींत प्रत्येकाने आपला खर्च उभा करायचा असतो, त्यामुळे जोडपी मंडळ्यांमध्ये जाऊन आपली गरज सांगतात आणि दरमहा मदतीचे वचन घेतात. म्युलरच्या वाटेने चालणाऱ्यांना हे मागणेच वाटते. दुसरी बाजू म्हणते की पौलानेही स्पेनला जाताना रोमकरांनी मला पुढे पोहोचवावे असे उघड लिहिले होते.

मला गरज सांगण्यात काही चूक दिसत नाही, ती लपवून साधेपणाचा आव आणण्यापेक्षा ते बरे. पण फोनवरून रोज जाणाऱ्या प्रार्थनाविनंतीत खाते क्रमांक आला की ती विनंती नेमकी कुणाला आहे, हे पाठवणाऱ्याने तपासावे. १८४१च्या डिसेंबरमध्ये म्युलर यांच्या अनाथालयांत कमालीची टंचाई होती आणि वार्षिक अहवाल काढायची वेळ झाली होती. अहवाल वाचून लोकांनी खात्रीने पैसे पाठवले असते. नेमक्या त्याच कारणासाठी त्यांनी अहवाल आणि सभा काही महिने पुढे ढकलली. नंतर अहवाल छापला तेव्हा त्या टंचाईचे दिवस त्यात तारखांसकट होते.