घरगुती भाजी मोमो व सोया-शेंगदाणा चटणी

मैद्याच्या किंवा कणकेच्या पातळ पारीत बारीक चिरलेल्या भाज्यांचे सारण भरून, तोंड मुरडून वाफवलेला पदार्थ. ‘डंपलिंग’ हे या साऱ्या कुळाचे नाव. मराठी घरांत मात्र तिबेट-नेपाळकडचा ‘मोमो’ हाच शब्द रुळला आहे. सांगली-साताऱ्यात तो आधी गाडीवर आला आणि मग स्वयंपाकघरात शिरला. घरी शिरल्यावर त्याची पारी फारशी बदलली नाही, बदलली ती चटणी. म्हणून या नोंदीत चटणीला जागा जास्त दिली आहे.

कूळ मोठे आहे. चीनमध्ये ज्याओझी, कोरियात मांडू, जपानमध्ये ग्योझा. चीनच्या शिनजियांग प्रांतात तुर्फानजवळच्या अस्ताना येथील तांगकालीन थडग्यांत वाळून टणक झालेले ज्याओझी सापडले आहेत. तांग राजवट इ.स. ६१८ ते ९०७ची, म्हणजे आजच्या आकाराचा हा पदार्थ हजार वर्षांपेक्षा जुना आहे. मोमो तिबेटमधून काठमांडूच्या खोऱ्यात आला, तो ल्हासाशी व्यापार करणाऱ्या नेवार व्यापाऱ्यांबरोबर, असे मानतात. १९५९नंतर तिबेटी निर्वासित भारतात स्थिरावले आणि त्यांच्याबरोबर तो दार्जिलिंग-धरमशाला-दिल्लीकडून देशभर पसरला.

या भागातल्या हातांना त्याची कृती परकी वाटत नाही, याला कारण आहे. नागपंचमीला चिरणे, तळणे, तव्यावर भाजणे वर्ज्य मानतात, म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडं करतात : कणकेची पुरी लाटायची, मधे पुरण ठेवायचे, चारी बाजूंनी घडी घालून चौकोन करायचा आणि चाळणीवर वाफवायचा. सांगली जिल्ह्यातले बत्तीस शिराळा तर नागपंचमीसाठीच ओळखले जाते. त्यानंतर साधारण महिन्याभरात गणपती येतात आणि उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडायला घरातल्या सगळ्या बायका बसतात. दिंडाची गव्हाची पारी आणि मोदकाची मुरड एकत्र आणली की मोमो होतो. ज्या घरात ही दोन्ही कामे होतात, तिथे मोमो शिकवावा लागत नाही.

पारी : २५० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि साधारण १२५ मिली पाणी. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. मळून झाल्यावर तो ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास ठेवावा. मळताना मैद्यातल्या प्रथिनांची ताणली जाणारी जाळी तयार होते. लगेच लाटायला घेतले तर पारी आखडून मागे येते, मुरल्यावर सैल पडते. तांदळाच्या उकडीत ही जाळी नसते, म्हणून मोदकाची पारी ओढली की तुटते आणि ती बोटांनी दाबतच वाटीसारखी करावी लागते. एवढ्या मैद्याचे २४ मोमो होतात. प्रत्येक पारी ८ ते ९ सेंटिमीटरची, मधे जाडसर आणि कडेला कागदासारखी. त्यासाठी डाव्या हाताने पारी फिरवत उजव्या हाताने लाटणे फक्त कडेवरून न्यावे. सगळीकडे सारख्या जाडीची लाटली, तर जिथे चुण्या गोळा होतात तिथे कच्चट गाठ राहते. निम्मी कणीक घातली तर चुण्या कमी पडतात, पण खमंगपणा येतो.

सारण : कोबी २५० ग्रॅम, एक गाजर, थोडी फरसबी, पातीचा कांदा, आणि हवे तर १०० ग्रॅम पनीर किंवा टोफू. सगळे किसण्यापेक्षा बारीक चिरलेले चांगले. कोबी-गाजराला पाऊण चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटे ठेवले की मीठ भाजीतले पाणी ओढून काढते. ते मुठीत धरून घट्ट पिळावे, पाणी वाटीत राखून ठेवावे. घरच्या मोमोचे बूड फाटते ते बहुधा पिळण्याचा कंटाळा केल्यामुळेच. मग आले, मिरपूड आणि चमचाभर तेल. हळद घालू नये. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हरिपूरच्या पेवांचा (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचा) इथे सगळ्यांना अभिमान आहे, तरी या सारणात ती कोबीची गोडी झाकते. हळदीचे पान मात्र जरूर वापरावे : हंगामात मोदकपात्रात ते अंथरून वर मोमो ठेवले, की ते खाली चिकटत नाहीत आणि वाफेला तो ओला, किंचित तिखट वास येतो. पान नसेल तेव्हा कोबीचे चालते.

मुरडताना पारी डाव्या तळव्यावर, त्यात चमचाभर सारण. उजव्या हाताचा अंगठा जागचा हलत नाही. तर्जनी कडेची एक-एक चुणी ओढून त्याच्याकडे आणते आणि डावा अंगठा सारण आत दाबत राहतो. बारा-पंधरा चुण्या झाल्या की तोंड पिळून बंद. पाण्याला आधी खळखळ उकळी येऊ द्यावी, झाकणाला फडके बांधावे म्हणजे पाणी टपकत नाही. दहा ते बारा मिनिटांत पारी चकचकीत होते आणि ओले बोट लावले तर चिकटत नाही.

चटणी : गाडीवरची ‘शेजवान’ ही भारतातच घडलेली चव, चीनच्या सिचुआन प्रांताच्या नावाचा तो आपल्याकडचा उच्चार. सिचुआनमध्ये सुक्या मिरचीच्या भरडीवर कडकडीत तेल ओततात, आणि ते आपल्या फोडणीहून वेगळे काही नाही. म्हणूनच बाटलीतल्या लाल चटणीपेक्षा घरचा कांदा-लसूण मसाला इथे जास्त शोभतो. त्यात मिरची, लसूण, तीळ आणि भाजलेले खोबरे आधीच एकत्र मुरलेले असते.

चार चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे अगदी मऊ कूट, दोन चमचे सोया सॉस, एक चमचा चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, बोटाच्या पेराएवढे किसलेले आले. सातारा जिल्ह्यातले आले मिळाले तर त्याचा रस आणि झणका दोन्ही भरपूर. हे सगळे वाडग्यात कालवून वर अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला ठेवावा आणि त्यावर दोन चमचे कडक तापलेले घाण्याचे शेंगदाणा तेल ओतावे. चर्र आवाज आला पाहिजे. नुसते गरम तेल मसाल्याचा कच्चेपणा घालवत नाही. मग राखून ठेवलेले भाजीचे पाणी थोडे-थोडे घालत घोटावे. पहिल्या चमच्याला कूट आळते, फाटल्यासारखे दिसते. घाबरू नये, पुढच्या दोन-तीन चमच्यांत ते लोण्यासारखे एकजीव होते. मीठ वेगळे घालायचे नाही, ते सोया सॉसमध्ये आणि त्या पाण्यात आहेच. गुळाऐवजी भिजवून वाटलेले तासगावचे बेदाणे घातले तर गोडीला आंबट कडा येते, आणि मला तीच चव उजवी वाटते. शेंगदाणा चटणीची कल्पना इंडोनेशियात जुनी आहे. तिथला शेंगदाणा आणि आपला, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. मिरचीसुद्धा अमेरिकेकडचीच, मेक्सिकोच्या बाजूची.

चटणी थंड झाल्यावर घट्ट होते, वाढण्यापूर्वी चमचाभर गरम पाणी घालावे. उरलेले मोमो दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवू नयेत, पारी चिवट होते. तव्यावर थोड्या तेलात बूड लालसर करावे, अर्धी वाटी पाणी ओतून झाकण ठेवावे आणि पाणी आटून पुन्हा चुरचुर ऐकू आली की काढावे. जपानी ग्योझा याच पद्धतीने करतात.