किड्यांना प्रतिकारशक्ती नसते, हे खरं नाही
‘किड्यांच्या अंगात अँटिबॉडी नसतात, म्हणजे प्रतिकारशक्तीच नाही.’ यातला पहिला भाग खरा, दुसरा साफ चूक. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी फळमाशी घ्या. बुरशीचा संसर्ग झाला की ती ड्रोसोमायसिन नावाचं 44 अमिनो आम्लांचं पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) रक्तात सोडते. बुरशीच्या तंतूंची वाढ खुंटते. हे पेप्टाइड बनवण्याचा इशारा टोल नावाच्या जनुकामार्फत मिळतो. 1996 साली जीवशास्त्रज्ञ ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने हे टोल जनुक बिघडलेल्या माश्यांना अ‍ॅस्परजिलसची लागण केली, तेव्हा बुरशीने त्यांचा फडशा पाडला. हॉफमन यांना 2011 मध्ये नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

शेतीतही प्रयोग झालेत. सेक्रोपिन या पतंगाच्या जंतुनाशक पेप्टाइडचं जनुक घातलेल्या भाताने करपा या बुरशीजन्य रोगाला जास्त चांगली टक्कर दिली. गोम एवढीच, की रोपाचीच विकरं अशी पेप्टाइडं तोडतात. त्यामुळे ‘कीटक पेप्टाइड’च्या बाटलीवर लगेच भुलू नका.